कोऱ्या ताटल्यांची साक्ष

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या रुग्णालयाचे संचालक महोदय, त्यांच्या उजव्या हाताला बसलेले मेडिसिन विभागाचे प्रमुख, ज्यांना आपण आदराने आणि थोड्या भीतीने ‘मोठे डॉक्टर’ म्हणतो ते, पाळणाघराच्या ताई, हट्टाने पहिल्या रांगेत बसलेल्या आणि ज्यांच्या निवृत्तीसाठी आपण जमलो त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, आपल्या सगळ्यांच्या बाई, आणि समोर बसलेल्या, मागे उभ्या असलेल्या, एक पाय दारात ठेवून ड्यूटीच्या हाकेकडे कान लावलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

कर्मचारी संघटनेचा सरचिटणीस म्हणून मला इथे उभं केलंत, त्याबद्दल संयोजकांचा ऋणी आहे. मघाशी जिन्यात सूत्रसंचालकांनी माझा दंड धरला आणि हळूच सांगितलं, की बाईंबद्दल चार चांगले शब्द बोला, चौकशीचा विषय तेवढा नको, अध्यक्षस्थानी स्वतः साहेबच आहेत. मी मान हलवली. मान हलवण्याचे अर्थ अनेक असतात, हे त्यांच्यासारख्या जाणकाराला मी काय सांगावं?

माझ्या आधीच्या वक्त्यांनी बाईंना वक्तशीर, शांत आणि कर्तव्यदक्ष म्हटलं. हे तिन्ही गुण या सभागृहाच्या भिंतीवरच्या घड्याळालाही आहेत. बाई कोण आहेत हे आपल्याला ज्या हिवाळ्यात कळलं, तो हिवाळा वगळून मी बोलू तरी काय? अध्यक्ष महोदय, आपण हसलात. म्हणजे परवानगी आहे असं धरतो.

ज्यांनी प्रयोगशाळेचं फक्त दार पाहिलं आहे, त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. आत गेल्यावर डाव्या हाताला एक खोली आहे. तिला आम्ही स्वयंपाकघर म्हणतो आणि तिथे काम करणाऱ्या गृहस्थांना आचारी. ते माणसांसाठी काही शिजवत नाहीत. ते जंतूंसाठी शिजवतात. जंतूंना खायला लागणारा लगदा उकळायचा, तो कोमट झाला की त्यात मेंढीचं रक्त मिसळायचं आणि काचेच्या छोट्या ताटल्यांत ओतायचं. रक्त गरम लगद्यात पडलं तर करपतं, फार गार झाल्यावर पडलं तर गोळे होतात. म्हणून आचारी चंबू गालाला लावून बघतात, बाळाची दुधाची बाटली बघावी तसा. त्या लाल ताटलीवर रुग्णाचं रक्त किंवा पाठीच्या मणक्यातलं पाणी पसरायचं, ताटली बरणीत ठेवायची, बरणीत मेणबत्ती पेटवून झाकण लावायचं. मेणबत्ती गुदमरून विझली, की आतली हवा एका जंतूच्या पसंतीची होते. मग ती बरणी रात्रभर उबदार पेटीत ठेवायची. त्याचं शास्त्रीय नाव न्यूमोकॉकस. सूक्ष्मदर्शकाखाली तो नेहमी दोघं-दोघं दिसतो, म्हणून आमच्या प्रयोगशाळेत त्याचं नाव जोडपं.

हे जोडपं दिसायला गोजिरवाणं असलं तरी काम कसायाचं करतं. ते लहान मुलांच्या नाकात राहतं. बहुतेक मुलांना काही करत नाही, नुसतं बिऱ्हाड करून असतं. मूल शिंकतं, आजीच्या कुशीत शिरतं, आजोबांच्या मिशा ओढतं, आणि जोडपं घर बदलतं. म्हाताऱ्या छातीत गेलं की न्यूमोनिया. रक्तात गेलं की माणूस तापाने फणफणतो. मेंदूच्या आवरणात गेलं की ओळख हरवते. पूर्वी थंडी पडली की मेडिसिन वॉर्डात म्हाताऱ्यांच्या खाटा भरायच्या, आणि सकाळी बाईंच्या ताटल्यांवर हिरवट कड्यांचे ठिपके उगवायचे. मोठे डॉक्टर फोनवर एकच प्रश्न विचारायचे, जोडपं आलं का? आणि बाई म्हणायच्या, आलंय, सहकुटुंब.

मग मुलांसाठी त्याच्यावरची लस आली. तान्ह्या मुलांना टोचायला सुरुवात झाली. म्हाताऱ्यांना नाही, हे लक्षात ठेवा. आणि काही वर्षं गेल्यावर एका हिवाळ्यात बाईंच्या ध्यानात आलं, की म्हाताऱ्यांच्या ताटल्या कोऱ्या निघताहेत.

आता सांगा, तुम्ही असतात तर काय समजला असतात? आनंदाने पेढे वाटले असतेत? बाईंना घाम फुटला. कारण जोडपं मोठं नाजूक. लगदा जरा बिघडला, रक्त जरा शिळं झालं, पेटीची ऊब जरा कमी पडली, की ते मरतं आणि ताटली कोरी राहते. रोग नसला तरी ताटली कोरी, आणि प्रयोगशाळा आंधळी झाली तरी ताटली तितकीच कोरी. दोन्हींत डोळ्यांना काडीचा फरक नाही. आयुष्यभर स्वतःच्या हाताकडे संशयाने बघण्याची शिस्त लागलेल्या माणसांनी दुसरं काय समजावं? त्यांनी मेंढ्या बदलल्या. मेणबत्त्या बदलल्या. पेटीची ऊब तीन वेगळ्या तापमापकांनी तपासली. आचाऱ्यांनी तर दाढी करणं वाढवलं, गालाला नीट कळावं म्हणून. ताटल्या कोऱ्याच.

आणि तेवढ्यात ती घटना घडली, जिच्याबद्दल बोलू नका असं मला सांगितलं गेलं.

आपल्या रुग्णवाहिकेच्या चालकांनी एका सकाळी स्वतःच्या आईला स्वतःच्याच गाडीतून आणलं. भोंगा लावून. ताप, धाप, आणि मुलाकडे बघून ‘तुम्ही कोण’ असं विचारणारे डोळे. मोठ्या डॉक्टरांनी औषधाचा पहिला थेंब जाण्याआधी स्वतःच्या हाताने रक्त घेतलं, मणक्यातलं पाणी घेतलं. त्यांची खात्री होती. असे शेकडो रुग्ण पाहिलेला माणूस, खात्री का नसावी? नमुने प्रयोगशाळेत गेले. ताटल्या कोऱ्या. त्याच आठवड्यात आई गेली.

चालकदादांनी वॉर्डाबाहेर मोठ्या डॉक्टरांना एकच विचारलं, आई कशाने गेली? आणि मोठे डॉक्टर म्हणाले, ते प्रयोगशाळेला विचारा, त्यांना हल्ली काही दिसत नाही. डॉक्टर, रागावू नका. त्या वाक्यात तुमचंही दुःख होतं, हे मी तेव्हाही जाणत होतो. पण वाक्य तोंडातून सुटलं ते गाड्यांच्या तळापर्यंत गेलं, तिथून पाळणाघरात गेलं, आणि जाता जाता त्याला शेपटं फुटली. लहानांना टोचत बसलेत आणि म्हातारे मरू देताहेत. चालकदादांच्या मुलीचा शेवटचा डोस राहिला होता. ते म्हणाले, माझ्या पोरीला आता सुई लागणार नाही. त्यांचं बघून आणखी चार घरांनी पाय मागे घेतला. लसीकरणाच्या खोलीतला बाक, जिथे बसायला जागा मिळत नसे, तिथे परिचारिका पाय लांब करून बसायला लागल्या.

चौकशी समिती नेमली गेली. आजचे अध्यक्ष महोदय तिचे अध्यक्ष, मोठे डॉक्टर सदस्य, आणि कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी म्हणून मी. माझी अवस्था काय सांगू? तक्रार करणारा माझा सभासद, आणि ज्याच्यावर बोट तो आचारीही माझा सभासद. एकाची आई गेलेली, दुसऱ्याची नोकरी जायच्या बेतात, कारण आचारी तेव्हा कायम झालेले नव्हते.

पहिल्याच बैठकीत गालाचा विषय निघाला. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, की रुग्णाचा जीव ज्यावर अवलंबून आहे ती वस्तू तुम्ही गालाला लावून बनवता? आचाऱ्यांनी तापमापकही लावतो असं सांगितलं, पण खोलीत हशा पिकला होता, आणि हशा पिकल्यावर पुरावा कोण ऐकतो? मग अध्यक्ष महोदयांनी, अत्यंत सौम्य शब्दांत, बाईंना एक मार्ग सुचवला. ताटल्यांचा लगदा सदोष होता आणि तो बनवणाऱ्याचा निष्काळजीपणा झाला, एवढं बाईंनी लिहून द्यावं. बाईंची इतक्या वर्षांची सेवा, तिला डाग लागायला नको. प्रकरण मिटेल.

मी उसळून उठणार होतो. माझी भाषणं तुम्ही ऐकली आहेत, तोंडात चार जळजळीत वाक्यं तयार होती. पण बाई माझ्याआधी बोलल्या, आणि त्या जे बोलल्या ते मला अजिबात आवडलं नाही.

“लिहून देईन,” त्या म्हणाल्या. “पण ते खरं आहे का हे आधी कळू दे. खरं निघालं तर त्यांच्या नावाच्या वर माझं नाव लिहीन.”

बाहेर आल्यावर आचाऱ्यांचा चेहरा उतरलेला. ते म्हणाले, “बाई, तुम्हालासुद्धा माझी शंका?”

“मला माझीही शंका आहे. तुम्ही काय मोठे लागून गेलात?”

मित्रहो, मी पुष्कळ वाचलं आहे. निष्ठेवर, न्यायावर, सत्यावर लिहिलेली जाडजूड पुस्तकं कपाटात आहेत, आणि त्यांतली वाक्यं मी तुमच्यावर वेळोवेळी फेकलीही आहेत. पण आपल्या माणसाला वाचवायचं असताना आधी त्याच्यावर खरोखर संशय घेण्याची हिंमत मी त्या दिवशी प्रथम पाहिली. मी आचाऱ्यांची बाजू घेणार होतो, कारण ते माझे होते. बाई त्यांची परीक्षा घेणार होत्या. ते त्यांचेही होतेच.

परीक्षा कशी घ्यायची? बाई समितीला म्हणाल्या, जोडपं कुठे राहतं हे मला माहीत आहे, मी त्याच्या घरी जाते. आणि त्या निघाल्या आपल्याच आवारातल्या पाळणाघरात. मुलांच्या नाकातून बारीक कापसाची काडी फिरवायची आणि ती त्याच आचाऱ्यांच्या त्याच ताटल्यांवर पुसायची. आई-वडिलांची परवानगी ताईंनी मिळवली. चालकदादांकडे जायला ताईंना धीर होईना, तर बाई स्वतः गाड्यांच्या तळावर गेल्या. तिथे जे ऐकून घ्यावं लागलं ते मी इथे सांगत नाही. शेवटी दादा म्हणाले, घ्या नाकातलं काय घ्यायचं ते, सुई मात्र नाही.

पाळणाघरात एका चिमुरडीने बाईंना विचारलं, नाकात काय शोधताय? बाई म्हणाल्या, पाहुणे. ती म्हणाली, मग त्यांना सांगा, आमच्याकडे जागा नाही, माझ्या दादाचं नाक घ्या. त्या हिवाळ्यात मी बाईंना तेवढंच हसताना पाहिलं.

आता पणाला काय लागलं होतं ते नीट पाहा. मुलांच्या ताटल्याही कोऱ्या निघाल्या, तर लगदा मेलेला. आचारी घरी. बाईंच्या नावाला काळिमा. आणि त्याहून वाईट म्हणजे, आपण किती म्हाताऱ्यांना ‘जंतू नाही’ असं खोटं सांगून मारलं याचा हिशेब कुणालाच कधी लागणार नव्हता. हे शेवटचं बाईंच्या मनात होतं. आम्ही बाकीचे नोकऱ्यांचा विचार करत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी समिती प्रयोगशाळेत उभी राहिली. बसायला कुणाला सुचलं नाही. बाईंनी पेटी उघडली, बरणी बाहेर काढली. आत काळवंडलेली वात. झाकण घट्ट बसलं होतं. ते सुटेपर्यंत खोलीत फक्त फ्रीजरची घरघर. आचारी भिंतीकडे तोंड करून उभे. बाईंनी पहिली ताटली उजेडात धरली, आणि ती मोठ्या डॉक्टरांच्या हातात दिली.

लाल ताटलीवर हिरवट कड्यांचे ठिपके. जोडपं. दुसऱ्या ताटलीवरही. तिसरी कोरी, चौथीवर पुन्हा. ताटल्या जिवंत होत्या. आचाऱ्यांचा गाल निर्दोष होता.

मला वाटलं संपलं. मी आचाऱ्यांच्या पाठीवर थाप मारायला हात उचललाही. पण मोठे डॉक्टर म्हणाले, आणि बरोबर म्हणाले, की मग तर प्रश्न वाढला. मुलांच्या नाकात जंतू आहे, ताटली त्याला ओळखते, तर माझ्या म्हाताऱ्यांत तो का दिसत नाही? खोलीतली हवा पुन्हा ताणली गेली. हात तसाच खाली आणला.

बाई म्हणाल्या, याची घराणी शंभराच्या आसपास आहेत. त्यांतली थोडी भयंकर. लस आहे ती नेमकी त्या थोड्यांवर. आता घराणी बघू.

प्रत्येक घराण्याला ओळखणारा रक्तद्रवाचा वेगळा थेंब असतो. तो काचेवर जंतूंत मिसळायचा, ओळख पटली की दाणे जमतात. बाईंनी आधी फ्रीजरमध्ये जपलेल्या जंतूंच्या जुन्या नळ्या काढल्या. लस येण्यापूर्वीच्या. काही त्या काळच्या म्हाताऱ्यांच्या रक्तातल्या, काही त्याच पाळणाघरातल्या मुलांच्या नाकातल्या. ती मुलं आता कॉलेजात आहेत. थेंब टाकला, दाणे जमले. म्हाताऱ्यांच्या रक्तात जे घराणं, तेच मुलांच्या नाकात. मग कालच्या ताटल्या. थेंब टाकला, काही नाही. दुसऱ्या घराण्याचा थेंब, काही नाही. मोठे डॉक्टर स्वतः येऊन बसले आणि एकेक काच मागू लागले. काही नाही. नाकात जोडपी होती, पण ती भयंकर घराणी उठून गेली होती. लशीने मुलाला आजारापासून तर वाचवलंच, वर त्याच्या नाकातली ती खोलीही बंद करून टाकली. मग आजीकडे जायला उरलं कोण?

मोठे डॉक्टर काचेवरून डोळे न काढता म्हणाले, “म्हणजे आम्हाला दिसत नाहीत असं नाही. ते येतच नाहीयेत.”

आणि मग एका काचेवर दाणे जमले. फक्त एका. एका मुलाच्या नाकात जुनं घराणं मजेत बसलं होतं. ताईंनी चौकशी केली तेव्हा कळलं, की ते मूल नुकतंच दुसरीकडून राहायला आलेलं, एकही डोस न घेतलेलं. कुणाचं मूल, ते बाईंनी आम्हाला त्या दिवशी सांगितलं नाही आणि आजही सांगणार नाहीत. त्याचे डोस मात्र त्याच आठवड्यात सुरू झाले.

चालकदादा दुपारी प्रयोगशाळेत आले. मी तिथेच होतो. मला वाटलं, मध्ये पडावं लागेल. ते उभ्या उभ्या म्हणाले, “माझी आई कशाने गेली ते सांगा, नाही तर माहीत नाही म्हणा.”

“माहीत नाही,” बाई म्हणाल्या. “कशाने गेली नाही, एवढं बहुधा आता सांगू शकते. मला वाईट वाटतं, यापुढे माझा हात पोचत नाही.”

दादांनी टेबलावरच्या काचांकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, ती एक काच म्हणतात ती खरी का? बाई म्हणाल्या, खरी. दादांचे वडील घरात असतात. आई गेल्यापासून नात त्यांच्याच अंथरुणात झोपते, त्यांची दाढी कुरवाळत. दादांचा आवाज खाली गेला. “आणि बाबा?”

“तुमच्या बाबांचं सगळं तुमच्या मुलीच्या नाकावर आहे.”

बाईंनी उपदेश केला नाही. मी असतो तर अर्धा तास बोललो असतो आणि माणूस हातचा घालवला असता.

दुसऱ्या दिवशी लसीकरणाच्या खोलीतल्या बाकावर तिघं बसले होते. चालकदादा, मुलगी, आणि तिचे आजोबा. आजोबांनी परिचारिकेला विचारलं म्हणे, हिला सुई टोचायची, मग मला का आणलंय? दादा म्हणाले, तुमच्यासाठीच आहे, बाबा.

अध्यक्ष महोदय, आता आपल्याकडे वळतो. समितीच्या अहवालात एक वाक्य लिहिलं गेलं: निष्काळजीपणा आढळला नाही. माझी त्यावर सही आहे, पण सही करताना मी भांडलो होतो, आणि आज पुन्हा भांडतो. जे आढळलं नाही ते लिहिलंत. जे आढळलं ते कोण लिहिणार? आढळलं असं, की तान्ह्या मुलांच्या दंडावर टोचलेल्या सुईने या वस्तीतल्या म्हाताऱ्यांच्या खाटा रिकाम्या ठेवल्या. आचारी पुढे कायम झाले, त्याबद्दल आपले आभार. पण ते वाक्य अजून कुठेच लिहिलेलं नाही, म्हणून मी ते या माइकवरून बोलून ठेवतो.

कारण आता नवा शहाणपणा सुरू झाला आहे. परवा लसीच्या रांगेतून एक सुशिक्षित बाप बाहेर पडला आणि मला म्हणाला, हा रोग हल्ली दिसतच नाही, मग पोराला रडवायचं कशाला? दिसत नाही! अरे, दिसत नाही ते रांगेतल्या पोरांच्या रडण्यामुळे. धरण बांधल्यावर पूर येत नाही म्हणून आपण धरण फोडतो का? ज्याचा पाय घसरला आणि सावरला, त्याला सावरणारा हात आठवतो. इथे तर पाय घसरलाच नाही, हात कुठून आठवणार? या सभागृहात साठी ओलांडलेले पुष्कळ जण बसले आहेत. तुमच्यातल्या कुणाचा जीव शेजारच्या पोराच्या डोसाने वाचला? मला सांगता येत नाही. तुम्हालाही येत नाही. बाईंनाही नाही. वाचलेल्यांची यादी करता येत नाही आणि त्यांच्याकडून सत्कारही होत नाही, म्हणून तो सत्कार माझ्यासारख्या बोलभांड माणसाला करावा लागतो.

बाईंना याहून जास्त स्तुती खपत नाही. त्या आत्ताच खुर्चीत चुळबुळ करताहेत, कारण माझी एक गोष्ट सांगायची राहिली असं त्यांना वाटतंय. सांगतो, बाई. न्यूमोनिया संपलेला नाही. बाकीची घराणी रिकामी जागा बघून पुढे सरकताहेत. दुसरे जंतू आहेत, विषाणू आहेत. पहारा उठवायचा नाही. झालं समाधान?

निरोपाला काय हवं, असं प्रयोगशाळेतल्या मंडळींनी बाईंना विचारलं होतं. त्यांनी भेटवस्तू मागितली नाही, एक काम सांगितलं. म्हणाल्या, “उद्या पेटी उघडाल आणि ताटली कोरी दिसेल, तेव्हा आधी स्वतःवर संशय घ्या. सगळं तपासून झालं की मग आनंद माना. क्रम बदलू नका.”

बाई, क्रम बदलणार नाही. उद्या पेटी आचारी उघडतील, गुळगुळीत दाढी करून.

मला पाच मिनिटं दिली होती, ती कधीच उलटून गेली. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, अध्यक्ष महोदयांनी मध्ये घंटी वाजवली नाही, मोठ्या डॉक्टरांनी दोनदा मान खाली घातली पण जागा सोडली नाही, त्यांच्या मोठेपणाला माझा नमस्कार. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल तर तो दोष माझ्या जिभेचा समजून सोडून द्या. तिसऱ्या रांगेत चालकदादांशेजारी बसलेले आजोबा खोकले की पहिल्या रांगेतल्या बाई वळून बघतात, हे मी इथून पाहतो आहे. बाई, नुसता ठसका आहे. आणि त्यांच्या मांडीवर माझ्या लांबलेल्या भाषणाने झोपवलेली त्यांची नात आहे. तिला उठवू नका. टाळ्या हळू वाजवा.